क्रीडोपचारकाची उमेदवारी

पाच-सहा वर्षांच्या मुलास आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही, आणि वडीलधाऱ्यांनी फारच आग्रह धरला तर ते त्यांना रुचेल असेच काहीतरी सांगून मोकळे होते; हा नित्याचा अनुभव ध्यानी घेऊनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही मनोविश्लेषकांनी मुलाची उलटतपासणी करण्याऐवजी त्याच्यापुढे खेळणी मांडण्यास आरंभ केला. त्यांतील अ‍ॅना फ्रॉइड आणि मेलनी क्लाइन या दोघी विदुषींचे एकमेकींशी कधी पटले नाही. क्लाइनबाई मुलाच्या प्रत्येक खेळात गूढार्थ पाहत, तर अ‍ॅनाबाईंना खेळ हे प्रामुख्याने मुलाचा विश्वास संपादन करण्याचे साधन वाटे. या वादातून वेगळी वाट काढली ती अमेरिकेतील व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी. कार्ल रॉजर्स यांच्या विचारांचा संस्कार झालेल्या या बाईंनी १९४७ साली ग्रंथ लिहून आठ तत्त्वे घालून दिली, आणि त्या सर्वांचे सार इतकेच की मुलाने पुढे चालावे व मोठ्या माणसाने मागून जावे.

ज्यास आपण क्रीडोपचार अथवा प्ले थेरपी म्हणतो, त्या विद्येला व्यवसायाचे रूप येण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला. १९८२ साली चार्ल्स शेफर व केव्हिन ओ'कॉनर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत ‘असोसिएशन फॉर प्ले थेरपी’ ही संस्था निघाली, आणि ‘रजिस्टर्ड प्ले थेरपिस्ट’ ही सनद देण्याचा शिरस्ता तिने पाडला. सनद आणि परवाना यांतील भेद येथे प्रथमच स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळांचा गोंधळ नेमका याच ठिकाणी होतो. मानसोपचाराचा व्यवसाय स्वतंत्रपणे करण्याचा परवाना तेथील राज्यसरकार देते. सनद ही खासगी संस्थेची असून, ज्याच्या पदरी मानसिक आरोग्यविषयक पदव्युत्तर पदवी व असा परवाना आधीच आहे, त्यालाच ती मिळू शकते. (शाळांतील समुपदेशकांसाठी व शालेय मानसशास्त्रज्ञांसाठी तिचा वेगळा प्रकार आहे.) म्हणजे क्रीडोपचार हा पाया नव्हे, पायावर चढविलेला मजला आहे.

या मजल्याचा हिशेबही चोख आहे. २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार उमेदवाराने क्रीडोपचाराचे १५० तासांचे शिक्षण घ्यावयाचे, प्रत्यक्ष मुलांबरोबर ३५० तास काम करावयाचे, आणि त्या कामावर अनुभवी पर्यवेक्षकाची ३५ तासांची देखरेख असावयाची. शिवाय पर्यवेक्षकाने पाच सत्रे अवलोकन केलेली असली पाहिजेत. हे सारे तीन टप्प्यांत पार पडते, आणि प्रत्येक टप्प्याचा दाखला कागदोपत्री रुजू करावा लागतो. जमाखर्चाची सवय नसलेल्या हळव्या माणसांना हा भाग कंटाळवाणा वाटत असणार; मला तो वाटत नाही, कारण परक्याचे मूल बंद खोलीत ज्याच्या स्वाधीन करावयाचे, त्याच्याकडून तासातासाचा तपशील मागण्यात गैर काहीच नाही.

परंतु खरी उमेदवारी नोंदवहीत दिसत नाही. खेळघरात बाहुल्यांचे घर असते, डॉक्टरची पेटी, रबरी सुरी, हातकड्या, सैनिक, दुधाची बाटली, रंग व वाळूची पेटी असते. आणि नवशिक्या उपचारकास पहिला धडा मिळतो तो हा की, मुलाने नाव दिल्यावाचून यांपैकी कशालाही नाव द्यावयाचे नाही. आपल्याला जी मोटार दिसते ती मुलाच्या लेखी बोट असेल, भूकंप असेल, किंवा रात्री दार आपटून निघून गेलेला बाप असेल. दुसरा धडा याहून कठीण. प्रश्न विचारू नयेत, शिकवू नये, आणि ‘छान काढलेस हो चित्र’ अशी शाबासकीही देऊ नये. कारण शाबासकीची चव लागलेले मूल मग उपचारकाच्या आवडीची चित्रे काढू लागते. ज्यांनी आयुष्यभर शिक्षकी केली अथवा स्वतःची मुले वाढविली, त्यांनाच हे मौन अधिक जड जाते.

याचा अर्थ मुलास मोकाट सोडावयाचे असा नव्हे. टेक्सासमधील डेंटन येथे नॉर्थ टेक्सास विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या उपचारक घडविणारे गॅरी लँड्रेथ यांनी मर्यादा घालण्याची तीन पायऱ्यांची रीत सांगितली आहे. समजा, मुलाने रागाने लाकडी ठोकळा उपचारकावर उगारला. ‘तू माझ्यावर फार चिडला आहेस’ हे आधी मान्य करावयाचे. मग ‘पण मी ठोकळा मारण्यासाठी नाही’ ही मर्यादा सांगावयाची. आणि लगेच ‘त्या फुगीर बाहुल्याला मारलेस तरी चालेल’ असा पर्याय दाखवावयाचा. वाचताना हे सोपे वाटते. ठोकळा खरोखर उगारला गेला म्हणजे तोंडातून पहिला शब्द ‘खबरदार’ असाच निघतो, आणि तो का निघाला याचा शोध पर्यवेक्षकासमोर बसून, सत्राचे चित्रण पुन्हा पाहत घ्यावा लागतो. पर्यवेक्षणाचा बराचसा वेळ मुलाविषयी बोलण्यात जात नाही, तो उमेदवाराच्या स्वतःच्या भीतीविषयी, घाईविषयी आणि मुलाला ‘सुधारून दाखविण्याच्या’ हौसेविषयी बोलण्यात जातो.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय, याची झडती २००५ साली स्यू ब्रॅटन, डी रे आदी संशोधकांनी घेतली. ९३ नियंत्रित अभ्यासांचा एकत्र विचार करता उपचार लाभलेली मुले न लाभलेल्या मुलांच्या तुलनेत ०.८० प्रमाणविचलन इतकी उजवी ठरली. त्यातही मौज अशी की, व्यावसायिकाने स्वतः उपचार केला तेव्हापेक्षा, त्याच्या देखरेखीखाली शिकून आईबापांनीच मुलाशी तशा रीतीने खेळण्यास आरंभ केला तेव्हा परिणाम अधिक दिसला. बर्नार्ड व लुईस गर्नी या दांपत्याने साठच्या दशकात ही पालकांना शिकविण्याची पद्धत आणली होती. सनदेवाचूनचे आईबाप सनदधारकांवर मात करतात, याचा अर्थ सनद निरर्थक असा कोणी काढील तर तो चुकेल. त्या आईबापांच्या पाठीशीही जाणत्या माणसाची देखरेख होतीच, आणि माझ्या मते सर्व तासांच्या हिशेबात मोलाचे तास ते देखरेखीचेच.

आपल्या देशात १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. क्रीडोपचारकासाठी तसा वेगळा परवाना नाही. तेव्हा मुलास घेऊन कोणा उपचारकाकडे जाणाऱ्या पालकांनी भिंतीवरील प्रमाणपत्राची चौकट पाहून समाधान मानू नये. आपली मूळ पदवी व नोंदणी कोणती, आणि आपले काम आजही कोण तपासते, हे दोन प्रश्न त्यांनी संकोच न करता विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाने जो उपचारक रागावेल, त्याच्या खेळघरात आपले मूल पाठवू नये.