फिरत्या बाई आणि एक वही

आमच्या उर्दू शाळेत विशेष शिक्षिका पंधरवड्यातून एकदा येतात. समग्र शिक्षा योजनेतून त्यांची नेमणूक, आणि तालुक्यातल्या कितीतरी शाळा त्यांच्याकडे. पूर्वी त्या यायच्या, चौथीतल्या एका मुलीला ऑफिसच्या कोपऱ्यात घेऊन बसायच्या, शेरा लिहायच्या आणि पुढची एस.टी. पकडायच्या. त्यांनी काय शिकवले ते आम्हांला ठाऊक नसे. आम्ही काय शिकवतो ते त्यांना. त्यांना उर्दू वाचता येत नाही, आणि अध्ययन अक्षमता म्हणजे काय, हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हते. मुलगी बे, पे, ते यांच्या नुक्त्यांत अडखळायची. आम्ही म्हणायचो, लक्ष नाही. तिची अम्मीही कंटाळून म्हणू लागली होती, आता घरीच राहू दे.

नव्या मुख्याध्यापक सरांनी फार मोठे काही केले नाही. फिरत्या बाईंच्या दिवशी शेवटची तासिका वर्गशिक्षकांसाठी मोकळी ठेवली आणि त्या वेळात चौथी-पाचवी एकत्र बसवून स्वतः सांभाळू लागले. आम्ही बाईंसोबत बसायचे, आणि दोघांची नोंद एकाच वहीत. (पहिल्या दोन वेळा त्या तासिकेत फक्त चहा झाला, हेही कबूल करतो.)

तिसऱ्या वेळी आम्ही बाईंना ती तीन अक्षरे लिहून दाखवली. आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. त्या म्हणाल्या, मग एका वेळी दोनच अक्षरे घ्या, मोठी काढा, नुक्ते लाल खडूने द्या. गणिताच्या सरांनी उदाहरण वाचून दाखवायचे ठरले. मुलीने त्या दिवशी सगळी उत्तरे बरोबर दिली. गणित तिला येत होते. प्रश्न वाचता येत नव्हता. सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. अशी मुले लवकर ओळखून त्यांना जमेल त्या पद्धतीने शिकवावे, असे तो सांगतो. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. पालकांनी हे मुख्याध्यापकांना जरूर विचारावे. त्याचबरोबर विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात आणि वर्गशिक्षकांशी कधी बोलतात, हेही विचारावे.

यंदा बाईंना दुसरा भाग मिळाला. नव्या बाई आल्या तेव्हा सरांनी आधी ती वही त्यांच्या हाती दिली, मग हजेरीपट.