पृथ्वीच्या केंद्रस्थानीं काय आहे?

मनुष्यानें १९६९ सालीं चंद्रावर पाऊल ठेविलें. परंतु ज्या भूमीवर तो जन्मतो व वाढतो, तिच्या पोटांत शिरण्याची त्याची मजल अद्यापि फार थोडी आहे. तोंडवलीसारख्या गांवीं, जेथें एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी, तेथें वाळू थोडी खणली कीं पाणी लागतें. त्या पाण्याखालीं खडक. पण त्या खडकाखालीं काय? आणि असेंच खालीं खालीं जात राहिलें तर अखेरीस काय भेटेल? आपल्या पूर्वजांनीं ह्या प्रश्नास सप्तपाताळांचें व पृथ्वी मस्तकीं धरणाऱ्या शेषाचें उत्तर दिलें. आजचें शास्त्र काय उत्तर देतें, आणि मुख्य म्हणजे कशाच्या आधारावर देतें, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

भूपृष्ठापासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत सुमारें ६,३७१ किलोमीटर अंतर आहे. रशियांतील कोला द्वीपकल्पांत मोठ्या प्रयासानें पाडलेलें विवर १९८९ सालीं १२,२६२ मीटर खोलीपर्यंत गेलें व तेथेंच थांबलें. आपल्या सातारा जिल्ह्यांत, कोयनेच्या भूकंपांचें मूळ शोधण्यासाठीं, गोठणें येथें २०१७ सालीं ३ किलोमीटर खोल विवर घेण्यांत आलें. हे प्रयत्न कौतुकास्पद खरे. परंतु पृथ्वीच्या मानानें पाहतां ते नारळाच्या सालीवर नख ओढण्यासारखेच आहेत.

मग आंतील वार्ता कळली कशी? नारळाचाच दृष्टांत घेऊं. आपल्या बाजारांत चतुर मनुष्य नारळ फोडून पाहत नाहीं. तो हातानें तोलतो, कानाशीं धरून हलवितो, आणि आंत पाणी किती ह्याचा अदमास करतो. शास्त्रज्ञांनींहि पृथ्वी प्रथम तोलली व मग तिचे हेलकावे ऐकले.

तोलण्याचें काम इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश ह्यांनीं १७९८ सालीं केलें. त्यावरून असें ठरलें कीं, सबंध पृथ्वी तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या गोळ्याहून सुमारें साडेपांच पट जड आहे. भूपृष्ठावरील सामान्य खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन ते तीन पटच जड असतात. तेव्हां पृथ्वीच्या पोटांत खडकाहून फार जड असें कांहीं तरी असलेंच पाहिजे, हें उघड झालें.

तें काय, हें भूकंपांनीं सांगितलें. ज्या भूकंपांनीं ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगरची आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीची दैना केली, त्याच जातीच्या उत्पातांनीं मनुष्यास हें ज्ञानहि दिलें आहे. हिंदुस्थानच्या भूगर्भशास्त्र खात्यांतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम ह्यांनीं १२ जून १८९७ च्या आसामांतील भूकंपाचा अभ्यास करतांना भूकंपाच्या लाटांचे निरनिराळे प्रकार ओळखले. व अशाच लाटांच्या नोंदींवरून १९०६ सालीं पृथ्वीस एक वेगळा गाभा आहे असें दाखविलें. ह्या लाटांपैकीं एक प्रकार घन व द्रव दोहोंतून जातो. दुसरा मात्र केवळ घन पदार्थांतूनच जाऊं शकतो. तो दुसरा प्रकार गाभ्यांतून पार होत नाहीं. ह्यावरून गाभा द्रवरूप आहे असें अनुमान निघालें. पुढें १९३६ सालीं डेन्मार्कच्या विदुषी इंगे लेहमन ह्यांनीं, न्यूझीलंडांतील १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासून, त्या गाभ्याच्या आंत आणखी एक निराळा गोळा आहे असें सिद्ध केलें. तो गोळा घन असल्याचें मागाहून ठरलें.

सारांश असा: वर खडकाचें पातळ कवच, त्याखालीं सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत तप्त खडकाचें प्रावरण, त्याखालीं सुमारें ५,१५० किलोमीटरपर्यंत वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा, आणि अगदीं मध्यभागीं लोखंड व थोडें निकेल ह्यांचा घन गोळा. तेथील उष्णता पांच हजार अंशांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाइतकी. इतक्या उष्णतेंत लोखंड वितळत कां नाहीं? कारण तेथील दाब आपल्या सभोंवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारें ३६ लक्ष पट आहे. तो लोखंडास पातळ होऊंच देत नाहीं. नवल असें कीं, प्रत्यक्ष केंद्रबिंदूवर वस्तूस वजन मुळींच राहणार नाहीं, कारण तेथें सर्व बाजूंचें आकर्षण सारखें होतें.

ह्या सर्वांशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. बाह्य गाभ्यांतील द्रव लोखंड एकसारखें खळबळत असतें. त्यापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व त्यांपासून पृथ्वीचें चुंबकत्व. हेंच चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवितें. परंतु गाभ्यांतील प्रवाह बदलतात, तशी सुईची दिशाहि हळूहळू बदलते. म्हणून तिच्यावर अखंड नजर ठेवावी लागते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ सालापासून ही नोंद होऊं लागली. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, व त्यांच्यामुळें नाजूक यंत्रें बिघडणार, हें ओळखून संचालक नानाभाई मूस ह्यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं अलिबाग येथें नवी वेधशाळा उघडण्यांत आली. तिच्या इमारतींत चुंबकास ओढील असें साहित्य कटाक्षानें टाळलें आहे. आपल्याच कोंकणच्या किनाऱ्यावर, एका शांत वास्तूंत, हजारों किलोमीटर खालच्या गाभ्याची हालचाल अशी आजहि टिपली जात आहे.

आतां उपग्रहांवरून वाट दाखविणारीं यंत्रें होड्यांवर आलीं आहेत. तरी तीं बंद पडलीं, ढग दाटले व किनारा दिसेनासा झाला, म्हणजे तोंडवलीच्या दर्यावर्दी बांधवास त्या लहानशा सुईचाच भरंवसा. त्याच्या पायांखालीं, जेथें कोणी मनुष्य गेला नाहीं व जाणारहि नाहीं, तेथील तप्त लोखंडाचा सागर त्यास घराची वाट दाखवीत असतो. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें नाहींच, असें म्हणण्याची घाई विद्यार्थ्यानें करूं नये. आणि पुराव्यावांचून तें आहेच, असेंहि म्हणूं नये. तोलून पाहावें, कान देऊन ऐकावें, व मग बोलावें. सृष्टिकर्त्यानें आपलीं गुपितें खोल ठेविलीं आहेत. पण त्यांचे निरोप वर पाठविण्यास तो विसरलेला नाहीं.