शंख, ढोबळी मिरची आणि उघडा देह

१९२७ साली एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकारानं कॅलिफोर्नियात काही शंखांचे फोटो काढले आणि त्यांचे प्रिंट मेक्सिकोला टीना मोदोत्तीकडे पाठवले. टीना ही त्याची एकेकाळची प्रेयसी, शिष्या आणि स्वतः कसलेली छायाचित्रकार. तिनं ते दिएगो रिव्हेरा, ओरोस्को अशा चित्रकारांना दाखवले आणि कोण काय म्हणालं ते पत्रानं कळवलं. सूर साधारण एकच होता: हे शंख भलतेच कामुक आहेत. वेस्टन चक्रावला. काम करताना असलं काही मनात आलंही नव्हतं, असं त्यानं रोजनिशीत नोंदवून ठेवलं. १९३० मध्ये त्यानं एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. हाच तो प्रसिद्ध ‘पेपर नंबर ३०’. तो पाहताना अंग मुडपून बसलेल्या माणसाची पाठ आठवत नाही, असा प्रेक्षक विरळाच. वेस्टननं मात्र लिहून ठेवलं, की ही मिरचीच आहे, पण मिरचीहून काही अधिक.

गंमत अशी, की याच माणसाचे नग्न स्त्रीदेहाचे फोटो अनेकांना थंड वाटतात. १९३६ मध्ये ओशियानोच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यानं कॅरिस विल्सनचे फोटो काढले. ती बावीस वर्षांची, तो पन्नाशीचा. दोघं प्रेमात होती आणि पुढे १९३९ मध्ये त्यांनी लग्नही केलं. पण त्या फोटोंत प्रेमिकाची लगबग दिसत नाही. दिसते ती वाळू, तिच्यावरच्या वाऱ्याच्या रेघा आणि त्यात पालथा पडलेला एक देह.

या थंडपणाचं अर्धं उत्तर कॅमेऱ्यात आहे. वेस्टनचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा, तिकाटण्यावर उभा करायचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर पाहायचं, आणि तिथं सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. उलटं पाहिलं की मांडी ही मांडी राहत नाही, ती एक वळण होते. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँड्टनं तर १९४५ च्या सुमारास लंडनमध्ये एक जुना लाकडी कोडॅक मिळवला. त्याचं भिंग अतिरुंद दृश्याचं आणि छिद्र इतकं बारीक, की काढणाऱ्याला काचेवर धड काही दिसत नसे. त्यातून निघालेले देह समुद्रकाठच्या खडकांसारखे झाले, आणि १९६१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

म्हणूनच कलात्मक नग्न छायाचित्रणाचे वकील नेहमी सांगतात, की इथं लैंगिकतेचा संबंध नाही, हा सगळा आकार, रेषा आणि प्रकाश यांचा खेळ आहे. मला हे अर्धसत्य वाटतं, आणि थोडं भित्रंही. शंखात कामुकता येते ती पाहणाऱ्याच्या अनुभवातून, आणि उघड्या देहासमोर तोच पाहणारा अचानक संन्यासी होत नाही. वासना ही या चित्रांची सामग्रीच आहे. प्रश्न एवढाच, की चित्र तिथंच थांबतं का? बाजारू फोटोत देह पाहणाऱ्यासाठी मांडून ठेवलेला असतो. एकदा पाहिला की काम संपलं. वेस्टनच्या फोटोकडे परत जावं लागतं, कारण दर वेळी नजर आधी कातडीवर की सावलीवर पडते, हे ठरत नाही.

आणि ‘हा फक्त आकार आहे’ म्हणून फोटोतल्या व्यक्तीची सुटका होत नाही. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झनं १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या अँडरसन गॅलरीत चित्रकार जॉर्जिया ओकीफचे फोटो लावले. त्यांत तिचे हात होते, मान होती, उघडा देहही होता. फोटोंवर नाव नव्हतं, पण ती कोण हे जाणकारांना ठाऊक होतं. त्यानंतर समीक्षक तिच्या चित्रांतही स्त्रीदेहच शोधू लागले, आणि तिनं जन्मभर त्याचा इन्कार केला. उलट बाजूचं उदाहरण छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमचं. तिनं १९१५ मध्ये माउंट रेनियरवर आपल्या नवऱ्याचे नग्न फोटो काढले आणि सिअ‍ॅटलमध्ये गदारोळ झाला. बाईनं पुरुषाकडे तसं पाहायचं नसतं. तिनं त्या निगेटिव्ह कित्येक वर्षं बाजूला ठेवून दिल्या.

कायद्यापुढे मात्र कलावंताला ते अर्धसत्यच सांगावं लागतं. १९५४ मध्ये मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. पदमसींनी ती उतरवायला नकार दिला, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. म्हातारपणी याच पदमसींनी कॅमेरा हाती घेतला आणि कृष्णधवल नग्नचित्रं काढली. त्यांतली दोन, सोबत त्यांचं एक रेखाटन आणि गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चार रेखाटनं मुंबईच्या कस्टमनं अश्लील म्हणून जप्त केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. लैंगिकता आणि अश्लीलता या नेहमी एकच नसतात, असं न्यायालयानं बजावलं. तज्ज्ञांची मतं बाजूला सारून अधिकारी फक्त नग्नतेवर आणि समागमाच्या चित्रणावर अडून बसला, हेही नोंदवलं. त्याआधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या नग्न फोटोच्या प्रकरणात १८६८ ची इंग्रजी ‘हिक्लिन’ कसोटी सोडून दिली होती. एखादा तुकडा वेगळा काढून, कुणी कच्च्या मनाचा वाचक बिघडेल का, एवढंच पाहायची ती कसोटी होती.

या सगळ्यात जी उघडी होऊन कॅमेऱ्यासमोर बसली, तिचं मत क्वचितच कुणी विचारतं. चित्रकार चेहरा बदलू शकतो. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात वर्गासमोर बसणाऱ्या मॉडेलला तेवढा आडोसा मिळतो, छायाचित्रात मिळत नाही. म्हणून या प्रकारात चेहरे इतक्या वेळा झाकलेले किंवा चौकटीबाहेर दिसतात. कॅरिसचा १९३६ चा सर्वांत गाजलेला फोटोही तसाच: दाराच्या उंबऱ्यावर बसलेली, गुडघे हातांनी कवटाळलेले, मान खाली. पण कॅरिस गप्प राहणारी नव्हती. वेस्टनच्या नावानं छापलेलं बरंच गद्य तिच्या हातचं होतं, आणि १९९८ मध्ये, चौऱ्याऐंशीच्या आसपास, तिनं त्या वर्षांवर स्वतःचं पुस्तक लिहिलं. या फोटोबद्दल तिची तक्रार नग्नतेविषयी नव्हती. वेस्टनला उजव्या हातावरची सावली खटकत राहिली. तिला खटकायचा केसांचा वाकडा भांग आणि त्यात दिसणाऱ्या पिना.