लाखाचा स्वल्पविराम कोण देतो?

ऑनलाइन दुकानात किंमत १२,३४,५६७ अशी दिसते; साठवलेला आकडा मात्र सलग असतो. मग स्वल्पविराम येतात कुठून?

वेबपानाचा साचा म्हणजे नावाची जागा रिकामी सोडून छापलेली लग्नपत्रिका. लारावेल या पीएचपी भाषेतल्या वेब-चौकटीच्या ‘ब्लेड’ या साचाभाषेत अशा जागांसाठी ठरलेल्या खुणा असतात, आणि आपली नवी खूणही घालता येते. समजा, ‘@rupee’ आणि तिच्यापुढे कंसात किमतीचं नाव.

ब्लेड आधी सगळा साचा पीएचपीत उतरवते. खूण दिसली, की आपण लिहिलेल्या नियमानुसार तिथे पीएचपी मजकूर बसतो. मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की त्या वेळी नियमाच्या हाती आकडा नसतोच, फक्त कंसातला मजकूर असतो! स्वल्पविराम पडतात ते ही उतरवलेली प्रत चालते तेव्हा.

ती प्रत साठवली जाते, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा उतरवावं लागत नाही. मात्र नियम बदलला, की साठवलेल्या प्रती पुसाव्या लागतात. नाहीतर जुनाच नियम चालू राहतो.