थंडीतील इंधनबचत : प्रारंभ न्हाणीघरापासून

महाराष्ट्रात घरे उबदार ठेवण्यासाठी खोल्या तापविण्याची प्रथा नाही. हिवाळ्यात इंधनाचा खर्च वाढतो तो प्रामुख्याने स्नानाच्या पाण्यामुळे. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात तर हा भार विशेष जाणवतो.

एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. सुमारे ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचे एक युनिट. माणशी २० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवावयाचे, तर पाच जणांच्या कुटुंबास रोज सुमारे तीन युनिटे वीज लागते. पाणी कढत करून साठविल्यास ते निवत राहते व उष्णता वाया जाते. म्हणून स्नानाच्या वेळीच, आवश्यक तेवढेच पाणी तापविणे हितावह होय.

बंबात ओले सरपण घातल्यास बरीच उष्णता त्यातील ओल घालविण्यातच खर्ची पडते व धूरही वाढतो. सरपण वाळवून आडोशास रचावे. बंबाच्या नळीतील काजळी वेळोवेळी काढावी. हिवाळ्यात आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असते. त्यामुळे आश्रमशाळा व वसतिगृहे यांच्या छपरांवर सौर बंब बसविण्याचा विचार पंचायतींनी अवश्य करावा.

या बचतीने पैसा तर वाचेलच. शिवाय डोक्यावर मोळी वाहणाऱ्या भगिनींची पायपीटही कमी होईल.