हाडाने गिळलेली पट्टी

साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाला कुंपणाची काटेरी तार ठोकलेली तुम्ही पाहिली असेल. दहा-पंधरा वर्षांनी तेच झाड पाहा. तार खोडात शिरलेली दिसेल. खरे तर तार होती तिथेच असते. खोडच सालीच्या आत नवे थर चढवीत जाड होत जाते आणि तारेला पोटात घेते.

आपल्या हाडातही असेच घडते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

आमच्या शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा बैलगाडीवरून पडला आणि त्याचे मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून हाडावर स्टीलची पट्टी स्क्रूंनी बसवली आणि वर्षभराने ती काढायला बोलावले. मुलगा धावू लागला. "दुखत नाही, मग पुन्हा चिरफाड कशाला?" असे म्हणत घरच्यांनी चार वर्षे घालवली. अखेर शस्त्रक्रिया झाली तेव्हा पट्टी दिसेचना! तिच्यावर हाडाचा थर चढला होता. तो छिन्नीने काढून स्क्रूंची डोकी शोधावी लागली.

असे का झाले? हाडावर एक पातळ, जिवंत आवरण असते. लहान मुलांत ते जाड आणि फार कार्यक्षम असते. ते बाहेरून नवे हाड रचते, तर आतल्या बाजूचे हाड झिजवले जाते. अशा रीतीने हाडाचा घेर वाढतो. पट्टी जागची हलत नाही, हाडच तिला ओलांडून बाहेर येते. पट्टी टायटॅनियमची असेल तर हाड तिला घट्ट चिकटते. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या पायात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण सुटेचना, तेव्हा हा गुण त्यांच्या ध्यानात आला. पक्के दात बसवण्यासाठी आज तो वरदान ठरला आहे. पट्टी काढताना मात्र तोच अडचण करतो.

आता थोडे भौतिकशास्त्र पाहू. हाडाचा यंगचा गुणांक साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या आसपास आणि स्टीलचा सुमारे २००. म्हणजे स्टील हाडाच्या दहापट ताठर. दोघे मिळून भार उचलतात तेव्हा पट्टी आपल्या आकाराच्या मानाने फार मोठा वाटा उचलते. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, की हाड आपल्यावरील भारानुसार स्वतःची रचना बदलते. भार कमी झाला, की हाड विरळ होते. म्हणजे पट्टीवर हाड चढत असतानाच पट्टीखालचे हाड दुबळे होऊ शकते!

वाढत्या वयाची आणखी एक गंमत आहे. मोडलेल्या हाडाकडे रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे लहान मुलाचे मांडीचे हाड पुढे सुमारे एक सेंटिमीटर जास्त लांब होऊ शकते.

पट्टी काढली, की धोका संपला असे समजू नका. स्क्रूंची भोके उरतात. टपाल तिकिटांचा कागद भोकांच्या रेषेवरच फाटतो ना? भोकाच्या कडेला प्रतिबल एकवटते, हे त्याचे कारण. म्हणून भोके भरून येईपर्यंत काही आठवडे कबड्डी आणि झाडावर चढणे बंद!

प्रत्येक पट्टी काढावीच लागते असे नाही. कोणती, केव्हा काढायची हे मुलाचे वय, हाड आणि क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर ठरवतात. पण त्यांनी तारीख दिली असेल तर "दुखत नाही" हे ती टाळण्याचे कारण नव्हे. हाड मुकाट्याने वाढत असते.

तुमच्या वर्गात किंवा गल्लीत कोणाच्या हातापायात अशी पट्टी असेल, तर त्याच्या घरी एवढेच विचारा : "पुन्हा दाखवायला कधी बोलावले आहे?" आणि उद्या शाळेला जाताना तारेचे ते झाड जरूर पाहा.