मोफत अवजारांची पारख

दिल्लीतील लोधी मार्गावर केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचे जे विस्तीर्ण संकुल आहे, त्यातच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे मुख्यालय आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे आज केंद्रीय मंत्रालयांपासून जिल्हा कचेऱ्यांपर्यंत अनेक सरकारी संकेतस्थळांची उभारणी आहे. गडचिरोलीचा शेतकरी मोबाइलवर एखादे सरकारी पान उघडतो, तेव्हा त्याची गाठ दोन प्रकारच्या कारागिरीशी पडते. एक कारागिरी दिसत नाही. दूरच्या सर्व्हरवर बसून ती दफ्तर धुंडाळते, अर्ज नोंदवते आणि उत्तर धाडते. दुसरी मात्र डोळ्यांसमोर असते. अक्षर केवढे, रंग कोणता, ओळी किती अंतरावर, हे ती ठरवते. या दोहोंसाठी लागणारी उत्तमोत्तम अवजारे आज मोफत मिळतात.

मोफत आणि मुक्त यांत मात्र भेद आहे. मुक्त अवजार केवळ विनामूल्य नसते. त्याची घडण उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेले दुसऱ्यास देण्याचा अधिकारही त्यासोबत मिळतो. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्या वगळावयाच्या असतील तर कारण द्यावे, असा दंडक घातला. या धोरणाने एक नवाच प्रश्न उभा केला. सर्वच अवजारांची किंमत शून्य असेल, तर निवड कोणत्या कसोटीवर करावयाची? निविदेतील सर्वात कमी दर पाहण्याची सरकारी सवय येथे उपयोगी पडत नाही.

सर्व्हरच्या बाजूस तीन प्रमुख वाटा आहेत. पहिली, १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी प्रसिद्ध केलेल्या पीएचपीची. ती जाणणारे लोक तालुक्याच्या गावीही सापडतात. २००१ सालचे ड्रुपल याच भाषेत घडलेले आहे आणि भारत सरकारची आकडेवारी जनतेस खुली करणारे संकेतस्थळ २०१२ मध्ये ड्रुपलच्याच पायावर उभे राहिले. दुसरी वाट पायथॉन भाषेतील जँगोची. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत हे अवजार जन्मास आले व २००५ मध्ये सर्वांस खुले झाले. रोज नवा मजकूर घाईने चढवावा लागे, म्हणून नोंदी भरण्याचा पडदा त्यात आयताच तयार मिळतो. नोंदवह्यांवर चालणाऱ्या कचेरीस हा गुण विशेष मानवतो. तिसरी वाट २००९ मध्ये रायन डाल यांनी आणलेल्या नोडची. नोड म्हणजे एकाच वेळी अनेक खिडक्या सांभाळणारा चपळ कारकून होय. एका अर्जाची फाईल येईपर्यंत तो पुढच्या खिडकीवर जातो; परंतु त्याला लांबलचक हिशेब करावयास बसविले, की साऱ्या खिडक्या खोळंबतात.

वेगाच्या या तुलनेत तरुण कारागीर फार रमतात. सरकारी कामात अधिक निर्णायक ठरतो तो देखभालीचा काळ. ड्रुपलची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली व ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत सांभाळ थांबला. चौदा वर्षे म्हणजे या क्षेत्रात दीर्घायुष्यच. परंतु आठवी आवृत्ती निराळ्या बांधणीची असल्याने पुढे जाणे म्हणजे डागडुजी नव्हे, जवळजवळ नवे घर बांधणे होते. जँगोच्या दीर्घकालीन आवृत्तीस तीन वर्षांची हमी मिळते, तर पीएचपीच्या आवृत्तीस चार वर्षांची. हमी संपलेल्या प्रणालीत सापडलेली फट कोणी बुजवीत नाही, आणि संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदाराचा करार तोवर बहुधा संपलेला असतो. नोडच्या वाटेवर आणखी एक जोखीम आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने आपला अवघ्या अकरा ओळींचा कोड सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, तेव्हा त्यावर विसंबलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. परक्याच्या अकरा ओळींवर आपले घर उभे आहे, हे पुष्कळांना त्या दिवशीच कळले. यास्तव कचेरीच्या कामास पीएचपी वा जँगो हीच वाट अधिक निर्धास्त म्हणावी लागेल.

आता दर्शनी भागाकडे वळू. पानाच्या सजावटीची भाषा सीएसएस. तिची कल्पना १९९४ मध्ये होकोन व्हिउम ली यांनी मांडली. ती लिहिण्याचे श्रम वाचविणारे बूटस्ट्रॅप २०११ मध्ये ट्विटरच्या कारागिरांनी खुले केले. त्यात बटणे, तक्ते, अर्ज असे तयार साचे मिळतात. २०१७ मध्ये आलेले टेलविंड साचे देत नाही; ते बारीक बारीक खुणा देते, आणि शेवटी वापरलेल्या खुणाच ठेवून फाईल हलकी करते. मंद जाळ्यावरील मोबाइलला हा हलकेपणा उपकारक असतो. मात्र त्यासाठी बांधणीची जादा पायरी लागते, आणि बदलत्या हातांच्या कचेरीत बूटस्ट्रॅप सोपे पडते. दहा पानांच्या संकेतस्थळाला तर यांपैकी काहीच नको. निव्वळ सीएसएस पुरते.

देवनागरीसाठी मात्र दोन्हींकडे हात फिरवावाच लागतो. बूटस्ट्रॅप मथळ्याच्या ओळीला अक्षराच्या १.२ पट जागा देते. रोमन लिपीला ती पुरते. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडू लागतो. इंग्रजी मथळा डौलदार दिसावा म्हणून अक्षरांत अंतर सोडतात. तोच नियम मराठीला लागला, की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. पुन्हा, इंग्रजी व हिंदी समोर ठेवून बनलेल्या साच्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. काही मुक्त टंकांत मराठी वळणाची ही अक्षरेही असतात, परंतु पान मराठीत आहे अशी दोन अक्षरी खूण कोडमध्ये लिहिली, तरच ती प्रकट होतात. अंधांसाठी पान वाचून दाखविणारे यंत्रही बहुधा याच खुणेवरून कोणत्या भाषेच्या उच्चाराने वाचावे ते ठरविते. खूण इंग्रजीची राहून गेली असेल, तर मराठी मजकूर त्या यंत्राच्या तोंडी विद्रूप होतो, आणि तो ऐकणाऱ्याला दुरुस्त पान डोळ्यांनी पाहून घेण्याची सोय नसते.